कासव पॅरिसला गेलं, तेव्हा…

सुरुवातीला एक कोडं घालते. फ्रेंच भाषेत पक्ष्यासाठी एक शब्द आहे. त्याची अक्षरं अशी : ओ, आय, एस, ई, ए, यू. सहा अक्षरांत पाचही स्वर हजर! आता सांगा बरं, याचा उच्चार काय होत असेल? ‘ओइसेऔ’? छे! उच्चार होतो ‘वाझो’. म्हणजे पाच स्वर रांगेत उभे केले आणि त्यातला एकही धडपणे स्वतःच्या आवाजात बोलत नाही!

आता आकडे बघा. सत्तर म्हणायचं असेल तर फ्रेंच माणूस म्हणतो ‘साठ-दहा’. ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’. आणि सत्त्याण्णव? ‘चार-वीस-दहा-सात’! बाजारात भाजी घेताना मनातल्या मनात बेरीज-गुणाकार दोन्ही करायचे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदसाठी सरळ वेगळे शब्द ठेवले आहेत, पण फ्रान्स काही ऐकायला तयार नाही.

हसलात ना? मीही हसले होते. पण मग आठवलं, आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या बायका पैसे मोजताना काय म्हणायच्या? ‘एक विसा, दोन विसा, चार विसा.’ चार विसा म्हणजे ऐंशी! म्हणजे पॅरिसचा दुकानदार आणि आमच्या शेजारची म्हातारी एकाच पद्धतीनं मोजत होती. परकी भाषा शिकताना असं वारंवार होतं. आधी वाटतं, काय ही विचित्र माणसं! आणि थोड्या वेळानं लक्षात येतं, अरे, हे तर आपल्या घरातही आहे.

मी ही भाषा आणि तिचं साहित्य कॉलेजात आणि विद्यापीठात मिळून पाच वर्षं शिकले. तीन वर्षं बी. ए., दोन वर्षं एम. ए. तुमच्यापैकी काहींच्या घरी आठवीला ‘संस्कृत घ्यायचं की फ्रेंच?’ ही चर्चा झाली असेल, किंवा लवकरच होईल. तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फ्रेंच घे, मार्क पडतात.’ मार्क पडतात हे खरंच आहे. पण मार्कांच्या पलीकडे या विषयात काय असतं, ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत फ्रेंच नव्हतंच. अकरावीला पुण्यात आले, तेव्हा दुसरी भाषा म्हणून मी ती अगदी मुळाक्षरांपासून सुरू केली. गंमत म्हणजे, मराठीमुळे मला ती सोपी गेली. इंग्रजीत टेबलाला लिंग नसतं. फ्रेंचमध्ये असतं, मराठीतही असतं. फक्त त्यांच्याकडे नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘ते टेबल’ तिकडे ‘ती टेबल’ होतं आणि ‘ते पुस्तक’ ‘तो पुस्तक’ होतं. चंद्र तर चक्क ‘ती चंद्र’! इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. फ्रेंचमध्ये मित्राला ‘त्यू’ आणि मोठ्या माणसाला ‘व्हू’, म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. कुणाला काय म्हणायचं हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते आपण आईच्या कडेवर असतानाच शिकलेलो असतो.

बारावी सायन्सला मला चांगले मार्क मिळाले. इंजिनीअरिंगला नंबर लागत होता. आणि मी घरी सांगितलं, ‘मला फ्रेंच घेऊन बी. ए. करायचंय.’ घर एकदम शांत झालं. बाबा पोस्टात कारकून होते. रागावले नाहीत, पण दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तुझी आवड मला कळते गं. पण पोटाचं काय?’ आजोबांचा प्रश्न वेगळाच होता. ते माळकरी. वारी कधी चुकवली नाही. ते म्हणाले, ‘पोटाचं होईल कसंही. पण त्या तिकडच्या लोकांचं वाचून तुला मिळणार काय, पोरी?’

बाबांनी शेवटी तोडगा काढला. ‘एक वर्ष बघ. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत फॉर्म भरू.’ असे दोन प्रश्न आणि एका वर्षाची मुदत घेऊन मी पुण्याला परत आले.

पहिल्या दिवसांत कळलं, की इथलं फ्रेंच वेगळं आहे. सुरुवातीचं फ्रेंच म्हणजे ‘माझं नाव अमुक, मला दोन भाऊ आहेत, एक कॉफी द्या’. गोष्टीचं पुस्तक उघडलं, तर त्यात न पाहिलेली क्रियापदं! फ्रेंचमध्ये एक भूतकाळ असा आहे, की तो बोलताना जवळजवळ कुणी वापरत नाही. तो राहतो कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत. आपल्या जुन्या गोष्टींत ‘राजा रोज शिकारीला जाई’, ‘राणी वाट पाही’ असं असतं ना? ‘मी काल शाळेत जाई’ असं कुणी म्हणतं का? तसंच काहीसं. पहिला महिना मी एक पान वाचायला एक संध्याकाळ घेत होते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात शब्दकोश.

आणि वर्गात काय चालायचं? दहा-बारा ओळींचा उतारा घ्यायचा आणि तासभर फक्त त्याच्याकडेच बघायचं. फ्रान्समधल्या शाळा-कॉलेजांत ही पद्धत फार जुनी आहे. लेखकानं हाच शब्द का घेतला? तो नसता तर काय बदललं असतं? वाक्य इथंच का तोडलं? गाइडमधून पाठ केलेलं उत्तर इथं उपयोगाचं नाही. बाईंना तुमचं मत हवं असतं आणि त्या मताचा पुरावा त्याच दहा ओळींत दाखवावा लागतो. सायन्सच्या प्रयोगशाळेतून आलेल्या मला हे ओळखीचं वाटलं. निरीक्षण, तुलना, अनुमान. फक्त परीक्षानळीच्या जागी वाक्य!

असंच एकदा आमच्यासमोर सतराव्या शतकातला एक कवी आला. ला फोंतेन. जन्म १६२१, मृत्यू १६९५. फ्रान्समधली मुलं पिढ्यान् पिढ्या याच्या प्राण्यांच्या गोष्टी शाळेत पाठ करत आली आहेत. त्यातली एक गोष्ट वाचायला घेतली. एक कासव, दोन बदकं. बदकं एक काठी चोचीत धरतात, कासव ती मधोमध तोंडात पकडतं आणि निघतात आकाशातून. खालचे लोक ओरडतात, कासव बोलायला तोंड उघडतं आणि…

बरोबर! पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. मी बाकावरून जवळजवळ उठलेच. ‘हे तर आमचं पंचतंत्र!’

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘आमचं-तुमचं नंतर. आधी फरक शोधा.’

आम्ही शोधायला लागलो. पंचतंत्रात दुष्काळ पडतो, तळं आटायला लागतं. कासवाला जीव वाचवायला निघावंच लागतं. ला फोंतेनच्या गोष्टीत दुष्काळच नाही! त्याच्या कासवाला आपल्या बिळाचा कंटाळा आलाय, जग बघायची हौस आहे. बदकं त्याला थेट अमेरिका दाखवायचं आमिष दाखवतात. पंचतंत्रातलं कासव खालचा गलका ऐकून ‘हा कसला आवाज?’ म्हणून तोंड उघडतं. फ्रेंच गोष्टीत लोक ओरडतात, की बघा बघा, कासवांची राणी चालली! आणि कासवाला राहवत नाही. हो, मी राणीच आहे, असं सांगायला ते तोंड उघडतं आणि पडतं.

राणी कशी काय? कारण फ्रेंचमध्ये ‘कासव’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे! व्याकरणातलं एक लिंग, पण त्यानं गोष्टीतलं पात्रच बदललं. आणि राणी म्हटल्यावर एवढा मोह का पडावा? कारण तो काळ चौदाव्या लुईचा. दरबारात कोण कुणाच्या किती जवळ उभं राहतं, यावर माणसांची किंमत ठरायची. मोठेपणाच्या हौसेपायी तोंडावर आपटणारी माणसं ला फोंतेननं डोळ्यांनी पाहिली होती. आपलं कासव गरजेपोटी निघालं आणि न राहवून बोललं म्हणून मेलं. त्याचं कासव हौसेनं निघालं आणि मिरवायला गेलं म्हणून मेलं. गोष्ट एकच, पण दोन देशांना दोन वेगळ्या गोष्टींची भीती वाटत होती.

आता हे कासव तिथवर पोचलं कसं? तो प्रवास तर आणखी भारी आहे. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणमध्ये पहलवी भाषेत गेलं. आठव्या शतकात अरबीत. तिथं करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांचे झाले ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’. पुढे फारसीतून १६४४ साली यातल्या गोष्टी फ्रेंचमध्ये उतरल्या. आणि ला फोंतेननं १६७८ साली आपल्या गोष्टींचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकलं, की यातल्या बऱ्याचशा गोष्टींबद्दल मी पिल्पे नावाच्या भारतीय पंडिताचा ऋणी आहे. हजार वर्षांच्या या प्रवासात कासवाला किती भाषांच्या काठ्या तोंडात धराव्या लागल्या, बघा!

त्या वर्षाच्या शेवटी बाबांनी इंजिनीअरिंगच्या फॉर्मचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

पुढे भाषांतराचा तास सुरू झाला. आल्बेर काम्यू या लेखकाला १९५७ साली नोबेल मिळालं. त्याची ‘लेत्रांजे’ म्हणजे ‘परका’ ही कादंबरी १९४२ सालची. पहिल्याच वाक्यात नायक आपल्या आईच्या मृत्यूची बातमी सांगतो. आई म्हणताना तो ‘मामाँ’ हा घरगुती शब्द वापरतो. १९४६ सालच्या इंग्रजी भाषांतरात त्याचं ‘मदर’ झालं आणि नायक एकदम कोरडा वाटायला लागला. १९८८ सालच्या भाषांतरकारानं सरळ ‘मामाँ’च ठेवलं. आम्ही खूश! मराठीत ‘आई’ आहे, प्रश्नच मिटला. पण पुढचा शब्द आला आणि सगळे अडकलो. आई गेली? वारली? देवाघरी गेली? मेली? हा नायक भावना न दाखवता बोलणारा. ‘गेली’ म्हटलं की गळा दाटून येतो, ‘मेली’ म्हटलं की तो निर्दय होतो. तासभर भांडलो. शेवटी फळ्यावर ‘वारली’ राहिलं, पण निम्म्या वर्गाला ते पटलं नाही. त्या दिवशी मला फ्रेंचइतकंच मराठीही कळलं. मरणासाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे, हे त्याआधी मी कधी तोलून पाहिलंच नव्हतं.

आणि आता आजोबांच्या प्रश्नाकडे येते.

एम. ए. करताना ग्रंथालयात एक पुस्तक हाती आलं. गी देल्यूरी नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं केलेलं तुकोबांच्या अभंगांचं फ्रेंच भाषांतर! पॅरिसला १९५६ साली प्रसिद्ध झालेलं. हे देल्यूरी पुण्यात राहून मराठी शिकले होते, विठोबाच्या संप्रदायावर त्यांनी अभ्यासग्रंथही लिहिला. पुस्तकाचं नाव ‘प्सोम द्यू पेलरँ’. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘यात्रेकरूची स्तोत्रं’.

सुट्टीत घरी गेले तेव्हा पुस्तक बरोबर नेलं. आजोबांनी ते हातात घेऊन कपाळाला लावलं. म्हणाले, ‘वाच.’ मी फ्रेंचमधून वाचलं. त्यांनी मांडीवर ठेका धरून बघितला, मग थांबले. ‘टाळ बसत नाही यावर,’ म्हणाले. मग विचारलं, ‘पुस्तकाचं नाव काय म्हणालीस?’ मी अर्थ सांगितला. तशी त्यांनी मान हलवली.

‘यात्रेकरू निराळा आणि वारकरी निराळा. यात्रेकरू एकदा जाऊन येतो. वारी करायची म्हणजे दरसाल जायचं. आणि आम्ही काय परमुलखात जातो होय? माहेरी जातो!’

मी पुण्याला आल्यावर शब्दकोश काढला. ‘पेलरँ’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘परका, परमुलखातून आलेला’! म्हणजे त्यांच्या शब्दाच्या पोटात परकेपण आहे आणि आपल्या वारकऱ्याच्या मनात माहेर. चार इयत्ता शिकलेल्या माझ्या आजोबांनी नेमकं त्याच जागी बोट ठेवलं होतं. यात देल्यूरींचं काही चुकलं नाही, बरं का. फ्रेंचमध्ये ‘वारकरी’ला शब्दच नाही, तर बिचारा भाषांतरकार करणार काय? पण दोन्ही बाजूंचे शब्द ज्याला ठाऊक आहेत, असं कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं. ‘हा शब्द घ्या, पण त्यात एवढं मावलेलं नाही हं,’ असं सांगायला.

पुढच्या वेळी मी हे आजोबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘मग सांग की त्यांना.’

तिकडच्या लोकांनीही आपल्यासाठी हे काम केलंय, हे मला विद्यापीठात आल्यावर कळलं. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं मराठी भाषा कशी घडली, यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढे १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. म्हणजे आपल्याच भाषेची कुळकथा आपण फ्रेंचमधून मराठीत आणून वाचली! शार्लोत व्होदव्हील या विदुषींनी १९६९ साली ज्ञानदेवांचा हरिपाठ फ्रेंचमध्ये नेला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, त्याचं फ्रेंच भाषांतर गी प्वातव्हँ यांनी १९९० साली केलं. हे प्वातव्हँ पुण्यातच राहिले आणि हेमा राईरकरांबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! आपल्या आज्या-पणज्या दळताना जे गुणगुणत होत्या, ते त्यांना मोलाचं वाटलं.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. कारण तुमचे आईबाबाही हे पान वाचत असतील.

खरं सांगायचं तर साहित्याच्या पदवीवर लगेच नोकरी मिळतेच असं नाही. भाषा पक्की असेल तर मात्र कामं मिळतात. शिकवणं, भाषांतर, पर्यटन, परदेशी कंपन्यांतली कामं. युरोपात भाषेच्या तयारीच्या सहा पायऱ्या मानतात, ए-वन ते सी-टू. फ्रेंचसाठी त्यातल्या पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेला ‘देल्फ’ म्हणतात, वरच्या दोनांना ‘दाल्फ’. पदवीबरोबर यातली बी-टू किंवा सी-वन हातात असावी. मला पहिले पैसे मिळाले ते एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या भाषांतराचे. त्यात ना तुकोबा होते, ना कासव. नुसते नट आणि बोल्ट! पण सायन्स झालेलं असल्यामुळे ते मला जमलं. बाबांना पहिला चेक दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. आजही आठवड्याचे सहा दिवस मी अशीच कामं करते, संध्याकाळी शिकवते आणि रविवार कवितेला ठेवते. दोन्ही हवं असेल तर दोन्हीचे कष्ट करायची तयारी पाहिजे.

कुणी म्हणेल, आता मोबाइल क्षणात भाषांतर करतो, मग पाच वर्षं कशाला? माहितीपुस्तिकेला मोबाइलची मदत होते, मीही घेते. पण त्यानं ‘पेलरँ’चं ‘यात्रेकरू’ करून दिलं, की मान हलवणारं कुणीतरी हवंच ना?

फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स, असंही समजू नका. आफ्रिकेतल्या सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल सेदार सांगोर हे फ्रेंचमधले मोठे कवी होते. आपलं पाँडिचेरी १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं, अजूनही तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच दिसतं. आणि मॉरिशसमध्ये तर मराठी माणसंच आहेत! एकोणिसाव्या शतकात त्यांचे पूर्वज तिकडे गेले. आज ती मंडळी फ्रेंचमधून जन्मलेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात आणि गणपतीही बसवतात. तिथं जाऊन बोलायचं तर दोन्ही भाषा उपयोगी पडतील.

ज्यांना ही वाट धरावीशी वाटते, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते. एक, रोज मोठ्यानं वाचा. घशातला ‘र’ आणि नाकातले स्वर डोळ्यांनी शिकता येत नाहीत. दोन, शब्द त्याच्या लिंगासकट पाठ करा, नुसता शब्द नको. तीन, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : मराठी वाचणं सोडू नका. ज्याच्या स्वतःच्या घरात शब्द कमी, तो दुसऱ्याच्या घरून आणलेले ठेवणार कुठे?

फ्रेंच न घेणाऱ्यांनाही एक काम देते. या रविवारी आजी-आजोबांना विचारून त्यांच्या बोलण्यातला असा एक शब्द शोधा, जो इंग्रजीत नेताच येत नाही. मग तो का नेता येत नाही, हे चार ओळींत लिहून काढा. कागद-पेन्सिल पुरे. शब्दकोशही नको.